३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ, आता नऊ महिने पूर्ण, अजून हात टेकूनच बसतं – कार्डावर काय नोंदवायचं?

गटप्रवर्तक_तालुका

नमस्कार. एका आशाताईंच्या नऊ महिन्यांच्या गृहभेटीतला प्रश्न आहे. बाळ गर्भाच्या ३२ आठवड्यांना जन्मलं, वजन १,६२० ग्रॅम, एसएनसीयूत (नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात) २४ दिवस. जन्म १० जानेवारीचा, प्रसूतीची अपेक्षित तारीख ७ मार्च होती, भेट १७ ऑक्टोबरला झाली.

दिसलं ते असं: मान पक्की आहे. दोन्ही कुशींवरून पालथं होतं. खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतं. बसवलं तर दोन्ही तळवे पुढे टेकून बसतं, एक हात उचलला की कलंडतं. रांगत नाही. 'बा', 'मा' असे सुटे आवाज काढतं.

घरात दोन मतं आहेत. आईने मोबाइलमधल्या ॲपमध्ये 'सहावा महिना – बसते' असं वाचलंय आणि ती धास्तावली आहे. आजींचं म्हणणं, 'उभं धरलं की पाय कसे घट्ट रोवतंय बघा, बसण्याचं काय घेऊन बसलात, थेट चालेल.' त्यासाठी वॉकर आणलाय, रोज दीड-दोन तास त्यात असतं.

प्रश्न तीन. वय नऊ महिने धरायचं की कमी? हात टेकून बसणं हे 'उशीर' म्हणून नोंदवायचं का? आणि वॉकरबद्दल आजींना काय सांगायचं, म्हणजे त्या ऐकतील?

बालविकास_ओपीडी

आधी वय. ताई, तुम्ही अपेक्षित तारीख दिलीत म्हणून काम सोपं झालं, बहुतेक वेळा तीच गायब असते. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. हे बाळ ८ आठवडे आधी आलं. विकासाचं वय जन्मापासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजायचं: ७ मार्च ते १७ ऑक्टोबर, म्हणजे ७ महिने १० दिवस. जन्मतारखेने ९ महिने ७ दिवस. ही वजावट दोन वर्षांपर्यंत करतात, पुढे सोडून देतात.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, आपल्याकडे 'नववा लागला' आणि 'नऊ झाले' यांत महिन्याचं अंतर असतं आणि नोंद कुठली केली ते कळत नाही. नेहमी पूर्ण झालेले महिने आणि वरचे दिवस लिहा. दुसरा, आठ आठवडे म्हणजे दोन महिने हे ठीक, पण नऊ महिने म्हणजे ३६ आठवडे असा हिशेब केला की तीन आठवडे हरवतात, नऊ महिन्यांत ३९ आठवडे असतात. तारखेवरून तारीख मोजा, आठवड्यांचे महिने करू नका. तिसरा, आईची पाळी अनियमित असेल तर पाळीवरून काढलेल्या तारखेपेक्षा पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरा.

लसी मात्र जन्मतारखेनेच. 'बाळ लवकर जन्मलंय, गोवर-रुबेला दोन महिने पुढे ढकलू' असं कुणी करत असेल तर थांबवा.

आता बसणं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सहा स्थूल हालचालींची वयं प्रसिद्ध केली. पाच देशांतली मुलं त्यात होती, आपल्याकडची दक्षिण दिल्लीतली. आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५. धरून उभं राहणं: ४.८ ते ११.४. एकट्याने चालणं: ८.२ ते १७.६. हे आकडे म्हणजे परीक्षेची तारीख नव्हे, निरोगी मुलांची जवळजवळ सगळी रांग त्या पट्ट्यात बसते एवढंच. आणि 'बसणं' म्हणजे मान व पाठ ताठ, हातांचा आधार न घेता किमान १० सेकंद. त्यामुळे तुमचं बाळ या व्याख्येने अजून 'बसत नाही', हे नोंदवायलाच हवं. पण ७ महिने १० दिवसांना बसत नाही, म्हणजे पट्ट्याच्या आत आहे. नुसत्या बसण्यावरून 'उशीर' लिहू नका.

रांगत नाही याची चिंता आज अजिबात नको. याच अभ्यासात ४ टक्क्यांहून थोडी अधिक मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी बूड घसटत जातं, कुणी पोटावर सरपटतं, कुणी थेट उभं. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) २०२२ साली बाळाला कधी काय जमतं याची यादी नव्याने केली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं.

ॲपचं कोडं त्याच बदलात सुटतं. जुन्या याद्यांमध्ये बहुधा निम्म्या मुलांना जमतं ते वय छापलेलं असे. म्हणजे 'सहावा महिना – बसते' वाचणाऱ्या दोन आयांपैकी एक घाबरणारच. सीडीसीने नव्या यादीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना जमतं ते वय धरलं. आईला विचारा, ॲपमध्ये बाळाची जन्मतारीख टाकली की अपेक्षित तारीख. काही ॲपना मुदतपूर्व जन्म कळतो, बरीच त्याकडे पाहतच नाहीत.

तपासणीला हाताशी ठेवायला बाळाचा विकास बघायचा त्रिवेंद्रम तक्ता चांगला. ० ते २ वर्षं, १७ बाबी, पाच-सात मिनिटांचं काम. प्रत्येक बाबीची वयाच्या रेषेवर एक आडवी पट्टी असते; बाळाच्या (वजावट केलेल्या) वयावर पेन्सिल उभी धरायची. ज्या पट्ट्या पूर्ण डावीकडे राहतात त्या सगळ्या जमल्या पाहिजेत, एक जरी जमत नसेल तर पुढे पाठवायचं. पेन्सिल ज्या पट्टीला छेदते ती बाब जमली तर उत्तम, नाही जमली तर पुन्हा बघायची. इथे चूक होते ती अशी की छेदलेल्या पट्टीलाच नापास धरून पालकांना घाबरवलं जातं.

वॉकरचं आणि पाय रोवण्याचं आपल्या फिजिओंनी, @सतरंजी यांनी लिहावं. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त खटकलंय.

सतरंजी

मलाही. पूर्ण दिवसांचं बाळ सात महिन्यांला उभं धरलं की पायांवर भार घेतं, गुडघे वाकवून उसळ्या मारतं, कंटाळलं की पाय गोळा करतं. हे सगळं ठीक. पण '३२ आठवडे, १,६२० ग्रॅम' आणि 'पाय घट्ट रोवतं' हे शब्द एकत्र आले की आधी ताकद म्हणायचं नाही, आधी ताठरपणा नाही ना ते बघायचं. मुदतपूर्व बाळांत मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाला इजा होऊ शकते आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके तिथून जातात. म्हणून हात चांगले, हसणं-बोलणं चांगलं, आणि पाय मात्र ताठ असं चित्र दिसतं. घरच्यांना ते कौतुकाचं वाटतं, त्यामुळे तक्रार कुणी करत नाही.

आशाताईंना घरी बघता येतील अशा गोष्टी. जोर लावायचा नाही, बाळ रडत किंवा भुकेलं असेल तर दुसऱ्या वेळी बघायचं.

लंगोट बदलताना मांड्या सहज उघडतात की हात घालायला जागा करावी लागते? काखेत धरून उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात का? मुठी उघड्या असतात की अंगठा आत दाबून मिटलेल्या? चार महिन्यांपुढे अंगठा सतत आत राहणं बरोबर नाही. खेळणं मधोमध धरलं तर दोन्ही हात पुढे येतात ना? वर्षाच्या आत एकच हात वापरणारं मूल 'डावखुरं' नसतं, दुसऱ्या हातात काहीतरी अडलेलं असतं. उताणं असताना दोन्ही हात धरून उठवलं तर कमरेत वाकून बसतं, की फळीसारखं सरळ उभंच राहतं? उभं असताना टाचा टेकतात की चवड्यावरच असतं?

आणि एक माझी आवडती परीक्षा. आधी सतरंजीवर पाय पुढे लांब करून बसवा, मग आपल्या जेवायच्या पाटावर बसवून पाय खाली सोडा (तुमचा हात कमरेजवळ तयार हवा). पाय लांब असताना मागे पडतं आणि पाटावर मात्र सावरतं, असं असेल तर अडचण पाठीत नाही. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत, ते कंबरेला मागे ओढतात. दोन्हीकडे सारखंच डुगडुगत असेल तर धडाचा तोल अजून यायचाय, जो व्यायामाने येतो.

वॉकर. आजींना 'पाय वाकडे होतील' असं सांगू नका, ते खरं नाही आणि त्यांना शेजारची दहा सरळ पायांची मुलं माहीत आहेत. खरं कारण सांगा: वॉकरमध्ये बाळ चालत नाही, टांगलेलं असतं. भार जांघेतल्या कापडावर, ढकलणं चवड्याने, तोल सांभाळण्याचं काम चाकांचं. ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. बसायला कंबर लागते, वळायला कूस लागते, दोन्हींना दिवसाचे दोन तास सुट्टी. ज्या बाळाचे पाय आधीच ताठर असण्याची शंका आहे, त्याला चवड्यावर ढकलायची सवय लावणं म्हणजे आखडलेली पिंडरी आणखी आखडवणं. शिवाय उंबरा, जिना, गरम चहाचा कप. पायऱ्यांवरून पडून होणाऱ्या डोक्याच्या दुखापतींमुळे कॅनडाने २००४ सालापासून वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

आजींशी बोलायला एक धागा आहे: पांगुळगाडा. त्यांच्या लहानपणीचा लाकडी तीन चाकांचा गाडा हा वॉकर नव्हे. त्यात मूल मागे उभं राहतं, स्वतःच्या पायांवर, दांडी धरून ढकलतं. जे मूल आपण होऊन धरून उभं राहतं त्याच्यासाठी तो ठीकच होता. 'तुमचाच गाडा आणू, पण ते स्वतः उठून उभं राहायला लागल्यावर' असं म्हटलं की भांडण मिटतं.

दोन तास वाचले, त्यात काय करायचं? गादीवर नाही, पलंगावर नाही. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर एक घडी घातलेली गोधडी, एवढं कडक हवं. दिवसातून चार-पाच वेळा, पाच ते सात मिनिटं, दूध पाजून पाऊण तास उलटल्यावर.

पालथं घालून: पंचाची गुंडाळी, जाडी साधारण चार बोटं, छातीखाली काखेपाशी. दोन्ही हात गुंडाळीच्या पुढे आले पाहिजेत. गुंडाळी पोटाखाली सरकली तर डोकं खाली जातं आणि बाळ वैतागतं, ही नेहमीची चूक.

बसवून: आई पाय पसरून बसते, बाळ तिच्या मांड्यांमध्ये, पाठ तिच्याकडे. आधार कमरेच्या हाडाला द्यायचा. छातीला धरलं की धड आपलं काम सोडून देतं. समोर उपडं पातेलं ठेवून त्यावर खेळणं. जमिनीवर खेळणं ठेवलं तर बाळ वाकून तळवे टेकणारच, छातीच्या उंचीला आलं की हात सुटतात. पाच-सहा दिवसांनी खेळणं मधून उजवीकडे, मग डावीकडे, गुडघ्याच्या बाहेर वीतभर. हात बाजूला टेकवून सावरायला शिकणं हाच बसण्याचा गाभा. पुढे टेकणं आधी येतं, मग बाजूला, मागे टेकणं सगळ्यात शेवटी, म्हणून मागे तुम्ही हवंच.

उठायला शिकवताना हात ओढून बसवू नका. कुशीवर वळवा, खालचा कोपर टेकू द्या, वरच्या कमरेला हलका दाब द्या, बाळ कोपरावरून तळव्यावर येत उठतं. दोन्ही बाजूंनी.

चारी बाजूंनी उशा रचून बसवणं बंद. उशीत कंबर मागे झुकते, पाठीला कमान येते, बाळ 'बसलेलं' दिसतं आणि काहीच शिकत नाही. झोळीचंही तेच. झोपण्यापुरती, बाळ जागं झालं की खाली.

आणि मालिश करा, चांगली गोष्ट आहे, पण मालिशने बसणं येत नाही.

मध्यममार्गी

एवढं घाबरवायची गरज आहे का? प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं. आमच्याकडे दीड वर्षाला चाललेली मुलं आज धावण्याच्या स्पर्धेत आहेत.

बालविकास_ओपीडी

@मध्यममार्गी, गतीबद्दल तुमचं बरोबर आहे, वर मीही तेच लिहिलंय. पण गती, क्रम आणि ढंग या तीन वेगळ्या गोष्टी. सावकाश पण ओळीने जाणाऱ्या मुलाची वाट बघता येते. क्रम उलटा असेल (बसत नाही पण काठीसारखं उभं राहतं), किंवा ढंग एकांगी असेल (एकच हात, एकच कूस), तर वाट बघायची नसते.

चौथी गोष्ट म्हणजे मागे जाणं. आलेलं कौशल्य गेलं, तर ते कुठल्याही वयात त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. आपल्याकडे याचं एक कारण वारंवार चुकतं. सहा ते अठरा महिन्यांचं, अंगावरच पिणारं, वरचं अन्न जेमतेम, आई पूर्ण शाकाहारी आणि दूध-दहीही फारसं घेत नाही. बाळ दिसायला गुटगुटीत असू शकतं, पण मंद, हसणं कमी झालेलं, बसायचं ते आता बसत नाही, केस विरळ आणि भुरे, बोटांच्या सांध्यांवर काळपट. पुढे हात-डोकं थरथरायला लागतं. ही बी-१२ ची कमतरता. रक्ततपासणीत कळते, इंजेक्शनने सुधारते, आणि उशीर केला तर बुद्धीच्या विकासात उणीव राहून जाते. ताई, या आईच्या जेवणाचं विचारून ठेवा. मुदतपूर्व बाळाला लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगितलेले असतात, तेही चालू आहेत की बाटली संपल्यावर राहून गेले ते बघा.

श्रवण_वाचा

बसण्याच्या गडबडीत कान राहतील म्हणून लिहिते. एसएनसीयूत २४ दिवस राहिलेल्या बाळाची बेरा तपासणी (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) झाली का, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. नुसती ओएई ही कानाची चाळणी तपासणी झाली असेल तर पुरत नाही. ओएई कानाच्या आतल्या पेशींपर्यंतच सांगते, तिथून पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा दोष तिच्यात सुटतो, आणि तो दोष अतिदक्षतेतल्या बाळांत जास्त असतो. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय हे वेळापत्रक. उलटून गेलंय, तरी आज केलेली तपासणी उद्यापेक्षा बरी.

घरी टाळी वाजवून 'ऐकू येतं' ठरवू नका. चेहऱ्याजवळच्या टाळीचा वारा लागतो, हात दिसतो. बाळ आईच्या मांडीवर, एकाने समोरून लक्ष गुंतवायचं, दुसऱ्याने मागून, कानाच्या रेषेत, हातभर अंतरावर खुळखुळा हलके वाजवायचा. सात महिन्यांला मान त्या बाजूला वळायला हवी. दोन्ही कानांना वेगवेगळं.

'बा', 'मा' सुटे येतात हे या वयाला चालेल. वजावट करून दहा महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' अशी माळ यायला हवी. ऐकू न येणारी बाळंही पहिले पाच-सहा महिने हुंकार देतात, मग हळूहळू गप्प होतात. म्हणून 'आधी बोलायचं की हो' हे वाक्य ऐकलं की कान तपासायचे. जिभेखालची दोरी कापून बोलणं लवकर येत नाही, तो पैसा वाचवा.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही विचारा. ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोखालच्या बाळाची ती जन्मानंतर तिसाव्या दिवसापर्यंत व्हायला हवी होती.

गटप्रवर्तक_तालुका

सगळ्यांचे आभार. आशाताई काल पुन्हा जाऊन आल्या. मांड्या सहज उघडतात, अंगठे बाहेर, दोन्ही हात सारखे वापरतं. पण हात धरून उठवलं की सरळ उभंच राहतं आणि टाचा टेकत नाहीत. पाय लांब करून बसवलं की मागे पडतं, पाटावर छान सावरलं. डोळ्यांची तपासणी झालीय, बेरा नाही. आई दूध घेते. थेंब दोन महिन्यांपासून बंद. आता?

सतरंजी

आता थांबायचं नाही, पण घरात 'सेरेब्रल पाल्सी' (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत राहणारा कायमचा दोष) हा शब्दही काढायचा नाही. मुदतपूर्व बाळांत पहिल्या वर्षात तात्पुरता ताठरपणा येतो आणि बऱ्याच जणांत तो ओसरतो. त्यात इथे वॉकरची सवय मिसळली आहे. कुठलं काय हे हात लावून तपासल्याशिवाय ठरत नाही. हाईन नावाची मेंदू-मज्जातंतूंची २६ बाबींची, ७८ गुणांची तपासणी दोन ते चोवीस महिन्यांपर्यंत करता येते, तीच मागा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा. (हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोच पालघरहून.) तिथे फिजिओ, श्रवणतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात, पैसे लागत नाहीत. सोबत डिस्चार्ज कार्ड, डोक्याची सोनोग्राफी झाली असेल तर तिचा अहवाल, डोळ्यांचा कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड. बेरा त्याच फेरीत उरकून घ्या. तिला बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून सकाळची झोप मोडून न्या आणि पाजणं तिथे पोचल्यावर.

कार्डावर असं लिहा: 'जन्मतारखेने वय ९ म. ७ दि., वजावट करून ७ म. १० दि. हात टेकून बसते. उठवताना सरळ उभे राहते, टाचा टेकत नाहीत. संदर्भित.' नुसतं 'उशीर' लिहिलं तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

चिठ्ठी मिळेपर्यंत वॉकर माळ्यावर, उभं धरणं बंद, बाळाला कडेवर घेताना दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना. बसण्याचा सराव चालू ठेवा, आठवडाभर पाटावर जास्त आणि पाय लांब करून कमी.

मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओही काढून न्या, रुग्णालयात बाळं हमखास रडतात आणि रडताना सगळेच पाय ताठ होतात. बाळ फक्त लंगोटावर, मोबाइल जमिनीलगत आडवा, उजेड मागून नाही तर समोरून. अर्धा मिनिट उताणं, अर्धा पालथं, अर्धा बसलेलं, शेवटी हात धरून उठवताना, आणि त्या वेळी पावलं चौकटीत आली पाहिजेत.

बालविकास_ओपीडी

थेंब आजच सुरू करू द्या, मात्रा जुन्या वजनाची नको, आताचं वजन करून प्राथमिक आरोग्य केंद्रातून लिहून घ्या.